रादिक्योचे दोन हिवाळे

वन्सं इटलीहून परत आल्या त्या दिवशी माझी सकाळची ड्यूटी होती, म्हणून मी त्यांना आणायला गेले नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, तेव्हा पासष्टीच्या. त्यांचं सासर दोन नद्यांच्या संगमावरच्या नरसिंहपूरचं. यजमान जाऊन बारा वर्षं झालेली, जमीन दीर कसायचे, आणि एकुलता एक मुलगा नोकरीला इटलीत. त्यानंच आईला नातू सांभाळायला तिकडं नेलं होतं. दीड वर्षानं त्या एकट्या परत आल्या आणि नरसिंहपूरला न जाता सणसरला आमच्याकडं उतरल्या.

"चार दिस ऱ्हाते अन् जाते," असं त्यांनी दारातच सांगितलं. आम्ही दोघांनीही मान डोलावली.

मी बारामतीच्या एका दवाखान्यात रक्त काढायचं काम करते. सकाळी सातला रांग लागलेली असते. दंडाला पट्टी बांधायची, शीर चाचपायची, सुई, कापूस, पुढचा. दुपारी स्कूटीवरून घरी येईपर्यंत पोटऱ्यांत गोळे आलेले असतात. नवरा साखर कारखान्यात. हंगाम सुरू झाला की पाच महिने त्याच्या पाळ्या अशा फिरतात, की आम्ही दोघं एकमेकांना झोपलेलेच बघतो. मुलगी लग्न होऊन गेलेली. हे सगळं अशासाठी सांगते, की घरात तिसरं माणूस आल्याचा आनंद व्हायला जे त्राण लागतं, ते माझ्यात नव्हतं. वन्सं आल्या आणि माझ्या मनात आधी चहाचा एक कप वाढला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बॅग उघडली. नातवाच्या एका जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळलेली बियांची तीन पाकिटं काढून त्यांनी ओट्यावर ठेवली. पाकिटावर कोबीसारख्या गड्ड्याचं चित्र होतं, पण रंग बिटासारखा गडद लाल आणि शिरा पांढऱ्याशुभ्र.

"हे काय, लाल कोबी?" मी विचारलं.

"कोबी न्हाय. रादिक्यो."

"काय?"

"रादिक्यो. तितली भाजी हाय. कच्चीबी खात्यात. कडू असती."

नवरा हसला. "आक्का, इतक्या लांबून कडू भाजीचं बी आणलंस व्हय?"

त्याच दिवसापासून तो तिला राधिका म्हणायला लागला. वन्सं हसल्या नाहीत. घरामागं आमची जेमतेम गुंठाभर जागा आहे, तीत चार वांगी, कढीपत्ता आणि बाकी सगळं गवत. त्यांनी खुरपं मागितलं आणि दोन दिवसांत तिथं दोन वाफे तयार केले.

पहिल्या वर्षी सगळंच चुकलं. त्यांना फार घाई झाली होती. सप्टेंबर अजून संपला नव्हता, ऊन-पाऊस आलटून पालटून चालू होता आणि त्यांनी बी सरळ वाफ्यात फोकलं. उगवलं ते विरळ. त्यातलं काही गोगलगाईंनी खाल्लं. ऑक्टोबरच्या उकाड्यात उरलेली रोपं उंच, हिरवीगार आणि ढिली वाढत राहिली. बघून वाटावं, की रस्त्याकडेचं कुठलं तरी रानगवत कुणी मुद्दाम जोपासलंय. गड्डा धरायचं नाव नाही, लाल रंगाचा पत्ता नाही. वन्सं रोज सकाळ-संध्याकाळ बादलीनं पाणी घालायच्या, गुडघे धरून उठायच्या, आणि एकेक पान उलटून आत बघायच्या.

डिसेंबरात काही झाडांनी मधूनच दांडे फेकले आणि त्यांना निळी फुलं आली. फिकट निळी, सकाळी उमलून दुपारी मिटणारी. शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, "दिसाया ग्वाड हाय, पर ह्याचं करायचं काय?" वन्सं बादली भरायला टाकीकडं वळल्या.

त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या दोन मुली रजेवर होत्या आणि तिघींचं काम मी एकटी करत होते. एका म्हाताऱ्या बाईची शीर तीनदा सुई टोचूनही सापडली नाही. तिच्या मुलानं सगळ्यांसमोर मला वाटेल ते सुनावलं. त्या दिवशी घरी आले तर मागच्या दारात चिखल, बादली आडवी पडलेली, टाकीतलं पाणी तळाला गेलेलं, आणि वन्सं वाफ्याशी बसलेल्या. गॅसवर कुकर चढलेला नव्हता.

मी म्हणाले, "वन्सं, पाणी घालायचंच असेल तर मेथी लावा, कोथिंबीर लावा. निदान कुणाच्या तोंडात तरी जाईल. हे गुरंसुद्धा खायची नाहीत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बरं," एवढंच म्हणाल्या, हात धुतले आणि आत येऊन कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी मी परत आले तेव्हा दोन्ही वाफे मोकळे होते. एकूणएक झाड उपटून त्यांनी कुंपणापाशी ढीग घातला होता, माती सारखी करून वर मेथीचं बी टाकलं होतं. ढिगातली निळी फुलं अजून पुरती सुकलेली नव्हती. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. चुकलं माझं, एवढे दोन शब्द. पण मी पर्स खुंटीला अडकवली, पाय गरम पाण्यात सोडून बसले आणि आता उद्या बोलू म्हटलं. तो उद्या आलाच नाही. मेथी मात्र छान आली. आम्ही ती आठवड्यातून दोनदा खाल्ली आणि मला एकदाही गोड लागली नाही.

चार दिवसांचे दहा महिने झाले. वन्सं घरकाम करायच्या, टीव्ही बघायच्या, रविवारी मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलायच्या. मागच्या दारी मात्र जायचं त्यांनी सोडलं. "नरसिंहपूरला कधी जायचं, आक्का?" असं नवऱ्यानं एकदा सहज विचारलं, तेव्हा त्या "जायाचं की" म्हणाल्या, आणि त्या रात्री जेवताना त्यांनी दुसरी भाकरी घेतली नाही.

मग पावसाळ्यात मला चिकुनगुन्या झाला. मी रोज दुसऱ्यांचं रक्त त्या तपासणीला पाठवत होते, त्यात एक दिवस माझंही गेलं. ताप चार दिवसांत उतरला, पण सांधे असे धरले, की हातात कप धरवेना, वेणी घालता येईना. संडासात बसलं की उठवायला माणूस लागायचं. नवरा रजा काढून दोन दिवस घरी बसला, पण त्याला काही सुधरेना. वन्सं त्याला म्हणाल्या, "तू जा कामावर. मी हाय."

तीन आठवडे त्यांनी माझं सगळं केलं. अंघोळ घातली, केस विंचरले, बोटं एकेक करून तेलानं चोळली. मला आधी फार लाज वाटायची, मग लाज वाटण्याइतकंही बळ उरलं नाही. एका दुपारी त्या माझी बोटं चोळत होत्या आणि मी विचारलं, "वन्सं, ती भाजी तुम्हाला तिकडं कुणी दाखवली?" का विचारलं, कोण जाणे. कदाचित सहा महिने साठलेलं होतं, म्हणून.

त्यांनी तेलाची वाटी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "खाली एक म्हातारी ऱ्हायची."

मुलगा आणि सून सकाळी आठला कामावर जायचे. नातू पाळणाघरात. त्याला सांभाळायला म्हणून यांना नेलं होतं, पण महिन्याभरात त्याला पाळणाघरात जागा मिळाली आणि मग वन्संना काही काम उरलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून त्या खालची बाग बघायच्या. बागेत एक म्हातारी, यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, एकटीच खुरपत असायची. तिचे हात थरथरायचे.

"एक दिस मी जिना उतरून गेले. काय बोलणार? तिची भाषा मला येत न्हाय, माझी तिला न्हाय. तिच्या हातातलं खुरपं घेतलं अन् बसले खुरपाया. ती काय तरी बोलली. मी म्हणलं, बस तू, मी करते. ती बसली."

त्यानंतर रोज सकाळी त्या खाली जायला लागल्या. म्हातारी तिच्या भाषेत बोलायची, या आपल्या भाषेत. नवऱ्याचं सांगितलं, पोराचं सांगितलं, नदीला आलेल्या पुराचं सांगितलं. तीही बरंच काही सांगायची आणि कधीकधी डोळे पुसायची. थंडी पडली तशी म्हातारीनं एक हिरवा गड्डा हातात धरून वरची पानं सोलून दाखवली, तर आत हा लाल रंग.

"म्हणजे काय, थंडीनंच त्याला रंग येतो?"

"थंडीनंच. तिनं मला असं, अंगाला हात घासून, कुडकुडून दाखवलं. मग लाल पानाकडं बोट. पहिल्यांदा खाल्लं तर मी थुकलंच. ती हसली हसली, खोकला लागला तिला. पुढं सवय झाली. मग त्याबिगर जेवण जाईना."

"मग तुम्ही परत का आलात?"

त्यांनी माझा हात खाली ठेवला आणि दुसरा घेतला. "मला कुणी जा म्हणलं न्हाय. पोरगं चांगलं हाय, सूनबी चांगली हाय. पर ऱ्हा बी कुणी म्हणलं न्हाय. किती दिस बसायचं तसं? निघताना म्हातारीला सांगाया गेले. तिनं बी दिलं. माझे दोनी हात धरून काय तरी लांबलचक बोलली. काय बोलली, त्ये कळलं न्हाय मला."

"मुलाला विचारायचं, समजावून सांग म्हणून."

"त्येला कशाला मधी?" त्या म्हणाल्या.

मी उताणी पडून पत्र्याकडं बघत राहिले. पाऊस नव्हता, शेजारच्या उसातून वारा तेवढा सळसळत होता. मग मी म्हणाले, "त्या दिवशी मी बोलले ते फार चुकीचं बोलले, वन्सं."

"दमलेलीस तू," त्या म्हणाल्या. "मला दिसत हुतं." आणि चोळत राहिल्या.

तीन पाकिटांतलं एक उरलं होतं. आजारपणात मला पडल्या पडल्या फोनवर वाचायला वेळच वेळ होता. वाचलं त्यावरून कळलं, की ते बी उष्ण मातीत नीट रुजत नाही, रोपं सावलीत करावी लागतात आणि गड्डा भरायच्या वेळी थंडी यावी असं गणित बसवावं लागतं. आपल्याकडं थंडी ती केवढी! डिसेंबर-जानेवारीतले पाच-सहा आठवडे. तेवढ्यात बसलं तर बसलं.

ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही ट्रेमध्ये बी टाकलं. माझी बोटं अजून पुरती वळत नव्हती, त्यामुळं बी त्यांनी टाकलं आणि मी नुसती बसले. वर त्यांच्या जुन्या सुती साडीची सावली केली. बी दोन वर्षांचं जुनं झालेलं, निम्मंच उगवलं. दिवाळी झाल्यावर रोपं वाफ्यात लावली, हातभर अंतर सोडून. मुळाशी ऊन लागू नये म्हणून उसाचं पाचट अंथरलं. मी कामावर परत जायला लागले होते. घरी आल्यावर चहा घ्यायच्या आधी मागं एक चक्कर टाकायची सवय लागली. आवड वगैरे म्हणवत नाही. पाय दुखतच होते. पण जायची.

मधे पानांवर मावा कीड पडली. साबणाच्या पाण्यानं पानं पुसायला आम्ही दोन रविवार घालवले. तीन रोपं तशीच सडून गेली. एका सकाळी कुणाची तरी शेळी आत शिरली आणि एका टोकाची चार झाडं खाऊन गेली. म्हणजे गुरं खायची नाहीत, हे माझं बोलणं तेवढ्यापुरतं तरी खोटं पडलं. वन्संनी शेळीला हाकललं आणि घरात येऊन पोट धरून हसल्या. त्या आमच्या घरी आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच तसं हसताना पाहिलं.

डिसेंबर सरला तरी सगळं हिरवंच होतं. पानं आत वळायला लागली होती एवढंच. मला वाटलं, ह्याही वर्षी नाही. मग जानेवारीत थंडीनं चांगला जोर धरला. सकाळी स्कूटीवर हातमोजे घातले तरी बोटं ठणकायची, उसाच्या ट्रॉल्या धुक्यातून आधी ऐकू यायच्या, मग दिसायच्या. अशाच एका सकाळी मी हेल्मेट घालून निघाले होते, तर मागून हाक आली.

"अगं, इकडं ये! आधी इकडं ये!"

मी हेल्मेटसकट मागं गेले. वन्संनी एका गड्ड्याची वरची दोन हिरवी पानं बाजूला केली होती. आत तळाशी पांढरं आणि वर गडद लाल, शेंदराकडं झुकणारं नव्हे, जांभळाकडं झुकणारं. पानावर दव होतं. त्यांनी माझा हात धरून गड्डा दाबायला लावला. घट्ट होता.

"झालं गं," त्या म्हणाल्या. मला उशीर होत होता, पण मी थोडा वेळ तिथंच उकिडवी बसून राहिले.

अकरा गड्डे निघाले. कुणी घेतले नाहीत. शेजारणीनं एक पान तोंडात टाकून "औषध हाय का ह्ये?" म्हणून परत दिलं. मग वन्संनी त्याची भाजी केली. पानं चिरून गार पाण्यात ठेवली, लसूण आणि कांदा परतून त्यात घातली, शेंगदाण्याचं कूट, मीठ, गुळाचा लहानसा खडा. शिजल्यावर लाल रंग जाऊन ती तपकिरी झाली, म्हणजे दिसायला काहीच उरली नाही. नवऱ्यानं पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग दुसरा घेतला. "भाकरीबर जातीया," म्हणाला आणि संपवली. मला कडू लागली. मेथीपेक्षा कडू, कारल्यापेक्षा कमी, आणि जिभेवर बराच वेळ रेंगाळणारी. आवडली असं सांगितलं तर खोटं होईल. पण दुसऱ्या दिवशी डब्यात नेली.

त्या रविवारी वन्संनी कॉलवर मुलाला गड्डा दाखवला. "खालच्या आजीला दाखव की," त्या म्हणाल्या. "जा जिन्यानं, फोन घिऊन जा."

मुलानं आधी गड्ड्याचं कौतुक केलं. मग म्हणाला, "आई, त्या आता तिथं नसतात. गेल्या वर्षीच त्यांच्या मुलीनं त्यांना नेलं. लांब, दुसऱ्या गावाला. तुला सांगायचं राहूनच गेलं."

"जिती हाय ना?"

"असतील. माहीत नाही, आई."

"बरं," वन्सं म्हणाल्या. मग नातवाला दोन प्रश्न विचारले आणि फोन ठेवला. गड्डा त्यांच्या मांडीवरच होता.

मी नंतर मुलाला वेगळा फोन केला. त्या आजींच्या मुलीचा पत्ता मिळतो का बघ म्हटलं. त्यानं मनापासून प्रयत्न केला, इमारतीत चौकशी केली, खालच्या नव्या भाडेकरूंकडं चिठ्ठी दिली. पण कुणाकडंच काही नव्हतं. तो म्हणाला, "मामी, ती त्या बाईंशी काय बोलायची हेच मला कधी समजलं नाही. तिला भाषा येत नव्हती." मी त्याला काही समजावत बसले नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन तापायला लागलं. तीन गड्डे बियाला राखले होते, त्यांना दांडे फुटले. वन्संनी मला भाकरी थापता थापता सांगितलं, "बी धरलं की मी नरसिंहपूरला जाणार. घर उघडते. किती दिस कुलूप ठेवायचं?"

मी म्हणाले, "राहा ना, वन्सं. इथंच राहा." आणि मला स्वतःचं नवल वाटलं, कारण ते मी मनापासून म्हणाले होते.

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "म्हणलीस, बास झालं. आता जाते. माझं घर हाय तितं."

एप्रिलात त्या गेल्या. नवऱ्यानं इंदापूरपर्यंत सोडतो म्हटलं तर त्यांनी ऐकलं नाही, सणसरच्या फाट्यावरूनच एसटीत बसल्या. मोज्यात बी होतं. त्या गेल्या त्या दिवशी घर मोकळं झालं म्हणून मला बरं वाटलं, आणि संध्याकाळी कुकर लावताना फार वाईट वाटलं. दोन्ही खरं आहे.

पुढच्या हिवाळ्यात मी काहीही लावलं नाही. मागचे वाफे गवतानं भरले. एकटीनं ते होणार नव्हतं. वन्संनी मात्र तिकडं लावलं. फोनवर सांगायच्या, सकाळी दोन्ही नद्यांचं धुकं चढतं, त्यामुळं गार लवकर पडतं आणि रंग लवकर येतो. देवळात येणाऱ्या बायकांना दाखवते म्हणाल्या. कुणी नेत नाही. दीर मात्र रोज पाव गड्डा खातात, पोट साफ राहतं म्हणून.

जानेवारीतल्या एका रविवारी मी नरसिंहपूरला गेले, दोन एसट्या बदलून. त्यांनी मला बाग दाखवली, सोळा गड्डे होते. मग जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, "पड जरा. ऊन चांगलं हाय." ओट्यावर गोधडी टाकली. मी पाच मिनिटं म्हणून आडवी झाले. जाग आली तेव्हा ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं होतं, परतीची गाडी केव्हाच निघून गेली होती, आणि वन्सं उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या.

"उठवायचं तरी," मी म्हणाले.

"कशाला? आजच्या दिस ऱ्हा. उद्या पहाटंच्या गाडीनं जा."

मी दवाखान्यात फोन लावला, उद्या यायला थोडा उशीर होईल म्हणून कळवलं, आणि गोधडी पुन्हा पायांवर ओढून घेतली.